पार्सल अजून आलं नाही

आईने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि मला आमच्या कराडच्या घरातला पंखा दिसायला लागला.

"ठेवलास?" मी विचारलं.

"ठेवला. बोल आता. बाळ काय करतंय?"

"तूच बघ ना. माझ्या मांडीवरच आहे. फोन उचल आणि बघ."

"ऋजू, किती वेळा सांगू? रिकाम्या हाताने बाळाचं तोंड बघत नाहीत. माझं पार्सल पोचू दे, त्यातलं काहीतरी तिच्या अंगाला लागू दे, मग बघते."

"अगं, पण ते पार्सल मुंबईच्या पुढे हललेलं नाही."

"हलेल. तुला कसली घाई? बाळ काय पळून जातंय?"

पंखा सावकाश फिरत होता. एका पात्याला जळमट लोंबत होतं. आईच्या घरात जळमट ही खरं तर बातमी होती. पण मुक्ता तेव्हा जेमतेम आठवड्याची होती. टाके, दूध आणि झोप यांच्या पलीकडे मी कशाकडेच बघत नव्हते, मग पंख्याकडे कुठली बघणार.

मुक्ता आता शाळेत जाते आणि मला डच व्याकरण शिकवते. पण त्या वर्षी, विमानं बंद पडली त्या वर्षी, ती एवढीशी होती आणि आम्ही आइंडहोवेनला नवे होतो. हृषीची नोकरी तिथली. बाळंतपणाला आई येणार हे ठरलेलं होतं. तिचा व्हिसा झाला होता, आणि नेदरलँड्स म्हणजे बर्फच असं धरून तिने मे महिन्यासाठी लोकरीचे हातमोजेही विणले होते. मग विमानं बंद होणार अशी कुणकुण लागली. आईने काय करावं, तर बरोबर आणायचं होतं ते सगळं मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात भरलं, खोक्याला जुन्या चादरीचं कापड घालून चारी बाजूंनी शिवून टाकलं आणि कुरियरवाल्याच्या हवाली केलं. "मी नाही तर निदान खोकं तरी जाऊ दे," म्हणाली.

कापड शिवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण आई शिवणाचा क्लास घेते. एखादी वस्तू न शिवता घराबाहेर पाठवणं तिला उघड्या डोक्याने उन्हात पाठवल्यासारखं वाटतं. आत कुंची, झबली, दुपटी, वेखंडाची पुडी आणि एक लाकडी खुळखुळा.

खोकं कराडहून निघालं, मुंबईला पोचलं आणि तिथे बसलं.

"त्याचं कसं असतं," बाबांनी मला समजावलं होतं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण त्यांना पाण्याच्या भाषेत नीट कळते. "ही परदेशी पार्सलं काही स्वतःच्या विमानाने जात नाहीत सगळी. माणसांच्या विमानाच्या पोटात जी जागा उरते ना, त्यातून जातात. आता माणसंच उडत नाहीत म्हटल्यावर पार्सलं कशी उडतील? जी थोडी मालवाहू विमानं आहेत त्यांच्यावर सगळ्या जगाचा लोंढा. धरण काठोकाठ आणि दरवाजा एकच उघडा. मग विसर्ग कसा व्हायचा?"

"कधी होईल पण?"

"ते हवामानखातं सांगेल."

बाबा रोज सकाळी संगणकावर पार्सलचा नंबर घालून बघत आणि दुपारी मला पातळी कळवत. 'मुंबई. स्थिर.' 'मुंबई. स्थिर.' एकदा 'मुंबई. किंचित हालचाल' असं आलं, तेव्हा मी हृषीला मिठीच मारली. नंतर कळलं की ते एका गोदामातून शेजारच्या गोदामात गेलं होतं.

बाबांना मात्र कसलाच विधिनिषेध नव्हता. मुक्ता जन्मली त्या दिवशीच त्यांनी फोनमध्ये डोकं घालून तिला डोळे भरून बघितलं होतं.

"अहो बाबा, तुम्ही पण रिकाम्या हाताने बघितलंत की."

"मी कुठे रिकाम्या हाताने? हातात चहाचा कप होता." मग आत तोंड करून म्हणाले, "शैला, नाक तुझं आहे गं. बिचारी."

"कान कसे आहेत?" आतून आईचा आवाज.

"दोन आहेत."

"नीट सांगा हो."

"नीटच सांगतोय. पाळी मोठी, तुझ्या भावासारखी. कुंडल घातलंस तर खांद्याला टेकेल."

असं चालायचं. बाबा पडद्याजवळ, आई दुसऱ्या खोलीत, आणि मुक्ताचं वर्णन नदीच्या पातळीसारखं इकडून तिकडे कळवलं जायचं. मला आधी हसू आलं, मग राग आला, मग रडू यायला लागलं. आपल्या पहिल्या बाळाला आपली आई बघत नाही ही साधी गोष्ट नाही. माझ्या लेकीचं नाक किती देखणं आहे हे मला आईकडून ऐकायचं होतं, बाबांकडून नाही.

"बाळाला मी आत ठेवून येते," एकदा मी म्हटलं. "फक्त मला तरी बघ."

"नको गं. तुझा काय भरवसा? मध्येच उचलून आणशील आणि दाखवशील."

"नाही आणणार. शप्पथ."

"शपथा घेऊ नकोस, ओली बाळंतीण तू."

आणि पुन्हा पंखा.

आवाजही तिचा जरा वेगळाच यायचा, शब्द तोंडात घोळल्यासारखे. विचारलं तर म्हणाली, दाढ दुखतेय, लॉकडाऊनमध्ये दाताचा डॉक्टर कुठून आणू. मी लवंग धर म्हणून सांगितलं. मी काळजी करणाऱ्यांतली आहे हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. बाजारातून आलेली काकडी मी साबणाने धूत होते. बेल वाजली तर दार उघडत नव्हते. कोण असेल ते जाईल थोड्या वेळाने. हृषी म्हणायचा, "तुझ्याकडे काळजीचा साठा एवढा आहे की निर्यात करता येईल." पण ती सगळी काळजी मी मुक्ताच्या शी-शूवर आणि त्या पार्सलवर खर्च करत होते. दाढेसाठी लवंगेपलीकडे शिल्लक नव्हती.

एक गोष्ट मात्र खटकायची. माझी आई म्हणजे दूधवाला अर्धा तास उशिरा आला तर त्याच्या गाईची चौकशी करणारी बाई. एकदा रॉकेलच्या रांगेत कोणी मध्ये घुसला, तर त्याला तिने परत शेवटी नेऊन उभं केलं होतं, दंडाला धरून. आणि इथे तिच्या हातचं शिवलेलं पार्सल महिनोन् महिने गोदामात पडलं होतं, तर तिने कुरियरवाल्याला एक शब्द बोलू नये? मी चिडून म्हणायचे, तू फोन कर, बाबांना पाठव, तक्रार कर. ती म्हणायची, "असू दे गं. सगळ्या जगाचंच अडलंय. येईल सावकाश."

सावकाश. हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

मुक्ता मान धरायला लागली. मग आवाजाच्या दिशेने बघायला लागली. तेवढ्यात कराडच्या घरात फुगे दिसायला लागले.

पहिला फुगा मला बाबांच्या मागे शोकेसच्या कडीला बांधलेला दिसला. लिंबाएवढा.

"बाबा, हे काय?"

त्यांनी मागे वळून बघितलं, जणू त्यांनाच ती बातमी होती. "हे होय? सजावट. मुक्ताला महिना पूर्ण झाला की आम्ही एक बांधतो."

"एवढासा?"

"आपली मुक्ताही एवढीशीच आहे."

"तिला दुसरा महिना पूर्ण होऊन दहा दिवस झाले."

"मग उशिराची सजावट. पार्सलासारखीच."

मला वाटलं, आजी-आजोबा झाल्यावर माणसं जरा हळवी होतात, होऊ देत. पण पुढच्या आठवड्यात तिथे दोन फुगे होते आणि दुसरा वांग्याएवढा होता, लांबुडका, एका अंगाला कललेला. नंतर तिसरा. मी लहानपणापासून बघत आलेय, आमच्या घरात वाढदिवसाला फुगे आई फुगवायची. असे टम्म, की बांधताना पोरं कानावर हात ठेवायची. तिच्या हातून असे मरतुकडे फुगे कसे?

"आईला सांगा, जरा दम लावून फुगव," मी बाबांना चिडवलं.

बाबा हसले. पण ते नेहमीसारखे हसले नाहीत. आधी आतल्या खोलीकडे बघून मग हसले.

मी बघणारी बाई आहे. काळजी करणाऱ्या माणसाला दुसरं काही नाही तरी बघायची सवय असते. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला काय काय आठवायला लागलं. मावसबहीण मानसी, तिला मुलगा झाला तेव्हा आई क्लास अर्धा टाकून, गळ्यात मोजपट्टी तशीच, हॉस्पिटलात धावली होती. हातात काही म्हणजे काही नव्हतं. आणि सगळ्यांच्या आधी बाळ तिनेच घेतलं होतं. मग आता हा रिकाम्या हाताचा नियम कुठून आला?

उत्तर मिळालं ते एका मंगळवारी दुपारी. बाबा माझ्याशी बोलत असताना दारात भाजीवाला आला. बाबांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि गेले. फोन जरा घसरला, तिरपा झाला, आणि मला आतल्या खोलीतला आरसा दिसला. क्लासच्या मुली ब्लाउज घालून बघतात तो उभा आरसा.

त्यात आई होती. मशीनसमोर बसली होती. एका डोळ्यावर कापसाची पट्टी. हातात लाल फुगा. गालाचा एक भाग तिने तळव्याने दाबून धरला, फुंकर मारली, आणि हवा फुग्यात न जाता ओठांच्या दुसऱ्या बाजूने फस्सकन निघून गेली. तिने पदराने तोंड टिपलं. पुन्हा गाल धरला. चेहऱ्याची डावी बाजू, टाचणी निसटल्यावर निरी उतरते तशी, खाली उतरली होती.

मी ओरडले नाही, कारण मुक्ता खांद्यावर झोपली होती. एवढ्या एका कारणासाठी ओरडले नाही.

बाबा परत आले. "दोडकी महाग झाली," म्हणाले.

"हो का," मी म्हणाले. "बाबा, मुक्ता उठली. नंतर बोलू."

माझ्या डोक्यात एकच शब्द होता, अर्धांगवायू. हृषीला हाक मारायलाही सुचलं नाही. मी सरळ स्नेहलला फोन लावला. स्नेहल माझी शाळेतली मैत्रीण, कराडातच आमच्या मागच्या गल्लीत राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. तिने फोन उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कळलं वाटतं."

"स्नेहल, तुला माहीत होतं?"

"काकूंनी मला गणपतीसमोर उभं करून वचन घेतलंय. आता तू स्वतःच शोधलंस म्हटल्यावर मी मोकळी. आधी श्वास घे. अर्धांगवायू नाही. ऐकतेयस का? मेंदूचं काही नाही. चेहऱ्याच्या एका बाजूच्या नसेला सूज येते, मग ती बाजू काही काळ हलत नाही. डॉक्टरांनी बघितलंय, औषधं झालीत, आता व्यायाम चाललाय. फुगे मीच सांगितलेत."

"कधीपासून?"

"तुझं बाळंतपण व्हायच्या चार-पाच दिवस आधी. सकाळी उठून चूळ भरायला गेल्या, तर पाणी तोंडात राहीना."

"आणि मला सांगितलं नाही."

"तुला?" स्नेहल हसली. "ऋजुता, शाळेत माझा पेपर अवघड गेला तर तुला उलटी व्हायची. तुला कोण सांगेल? काकू म्हणाल्या, ती तिथे एकटी, पहिलटकरीण, तिने माझं हे तोंड बघितलं तर धसका घेईल, दूध आटेल, माझी नात उपाशी राहील. मग त्यांना ते पार्सलचं सुचलं. म्हणाल्या, देवाने विमानं उगाच बंद नाही केली."

"बरं होईल ना?"

"होतंय की. जरा हळू आहे. पण मागच्या महिन्यात फुग्यात हवाच जात नव्हती, आता लिंबू, वांगं झालं. फुग्यावर लक्ष ठेव. मीसुद्धा तेच बघते."

मी संध्याकाळपर्यंत रडले. मग मुक्ताला पाजलं. दूध अगदी व्यवस्थित होतं, हे आईला सांगायची फार इच्छा झाली.

हृषी म्हणाला, "आता फोन कर आणि सांग की मला माहीत आहे."

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"तिने हे सगळं एवढं नीट शिवलंय, हृषी. मी उसवू?"

आणि बघा काय योग. त्याच आठवड्यात पार्सल आलं.

म्हणजे आलं ते शेजारी. कुरियरवाल्याने आमची बेल वाजवली असणार, मी माझ्या नियमाप्रमाणे उघडलं नसणार, मग तो इथल्या रिवाजाप्रमाणे ते शेजारच्या फान डाइक आजोबांकडे देऊन गेला. आजोबा संध्याकाळी आमच्या खिडकीपाशी आले, काचेवर टिचकी मारली, खोकं पायरीवर ठेवलं आणि सहा पावलं मागे जाऊन उभे राहिले.

"भारतातून," ते लांबून म्हणाले. "याला कपडे घातलेत."

खरंच होतं. चादरीचं कापड प्रवासात मळून राखी झालं होतं, एका कोपऱ्यावर कुठल्या कुठल्या देशांचे शिक्के, पण आईची शिवण एका टाक्यानेही सुटली नव्हती. कापडातून वेखंडाचा वास येत होता. मी ते छातीशी धरून आत आणलं. सॅनिटायझर फवारायचं विसरले, ही त्या वर्षातली माझी एकमेव चूक असावी.

हृषी कात्री घेऊन आला.

"ठेव ती," मी म्हटलं. "हे अजून आलेलं नाही."

त्याने खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आम्ही ऑफिसात न पोचलेला माल पोचला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "हे उलटं पहिल्यांदाच बघतोय." आणि त्याने ते कपाटावर चढवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंख्याशी बोलताना मी पार्सलवाल्यांच्या नावाने खडे फोडले. "काय मेलं पार्सल आहे. आई, आता मी आशाच सोडली."

"असं म्हणू नये," आई म्हणाली. तिचा आवाज सुटल्यासारखा वाटला. "येईल. सगळं हळूहळू रुळावर येतंय म्हणतात."

"अगं, येईपर्यंत कपडे लहान होतील तिला."

"उसव मग. आत माया सोडलीय भरपूर. मला काय माहीत नव्हतं होय, बाळं वाढतात ते."

मग आमचं दोघींचं छान जमलं. ती पंखा दाखवायची, मी पार्सल येत नसल्याचं रडगाणं गायचे. मी रोज नवी कारणं काढायचे. आज म्हणे बंदरावर संप. आज म्हणे विमानतळावर पार्सलांचे डोंगर, माणसं कमी. ती सगळं मन लावून ऐकायची. "अगं बाई," म्हणायची. "किती त्रास त्या लोकांना." आमच्या कपाटावरून वेखंडाचा वास दरवळत असायचा.

बाबांची मला थोडी धास्ती होती. ते रोज नंबर घालून बघणारे. पण त्यांनी मागेच सांगितलं होतं की पार्सलने देश सोडला की पुढचं सगळं डचमध्ये येतं आणि त्यातलं एक अक्षर कळत नाही. त्यामुळे मी निर्धास्त होते.

मध्येच एकदा ते म्हणाले, "तुमच्या शेजारच्या त्या आजोबांचं नाव काय गं?"

"फान डाइक. का हो?"

"काही नाही. शेजारी माहीत असावेत माणसाला. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"ठणठणीत आहेत."

"देव त्यांचं भलं करो," बाबा म्हणाले आणि कोयनेत यंदा पाणी किती आलं ते सांगायला लागले. मला वाटलं, काय माणूस आहे, सात समुद्रापलीकडच्या म्हाताऱ्याचीही काळजी करतो. मला वाटायचं काळजी फक्त माझ्याकडेच आहे.

मी तेवढ्यात त्यांच्या पाठीमागचे फुगे बघत होते. ते वाढत होते. पेरू झाला. मग मोठा आंबा. एका आठवड्यात काहीच फरक नव्हता, तेव्हा मला जेवण गेलं नाही. मग एकदम पपई. आईच्या 'प' आणि 'ब' यांची घडी बसत चालली होती, 'बाळ' म्हणताना आता ती अडत नव्हती. आमच्या धरणाची पातळी मी अशी रोज मनात लिहून घेत होते, आणि तिकडे बाबा म्हणत, "मुंबईनंतर काहीच कळत नाही बुवा," इतक्या निरागस चेहऱ्याने की मला त्यांची कीव यायची.

मुक्ता बसायला लागली. उशीच्या आधाराने, मग उशीशिवाय. तिचं उष्टावण करायचं ठरलं. पहिला भात भरवायला मामा लागतो. माझा भाऊ नाशिकला अडकलेला, तेव्हा हृषीनेच मामाचं काम करावं असं ठरलं. बापाचं मोठं पद सोडून मामा व्हायची वेळ आली म्हणून तो तक्रार करत होता.

आदल्या दिवशी आईशी बोलले, तेव्हा पंखा दिसत होता. लख्ख पुसलेला. जळमट गेलं होतं.

"ऋजू," आई म्हणाली. "उद्या उष्टावण ना?"

"हो."

"मला वाटतंय बघ, उद्या पार्सल येईल."

मी मुक्ताच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "कशावरून?"

"उगीच. आतून वाटतंय."

"किती वाजता येईल असं वाटतंय?"

"भात व्हायच्या सुमारास यायला हरकत नाही," आई म्हणाली. "म्हणजे तुम्हाला सोयीचं असेल तर."

दुसऱ्या दिवशी हृषीने कपाटावरून खोकं काढलं. मी आईची शिवण कापली नाही, एकेक टाका सुईने उसवला. दुपट्यांच्या घडीत कुंची होती, आईच्या जुन्या अबोली साडीची, आतून मलमलचं अस्तर. झबली मुक्ताच्या एका दंडातही जाईनात. कुंची कशीबशी डोक्यावर बसली, करवंटी ठेवावी तशी. हातात खुळखुळा दिला. तो तिने लगेच तोंडात घातला.

मग कराडला फोन लावला. बाबांनी उचलला. त्यांच्या मागे शोकेसला एकच फुगा होता, बाकीचे सगळे काढून टाकलेले. टम्म, कलिंगडाएवढा, लाल.

"बाबा, पार्सल आलं," मी म्हटलं. "आत्ताच बेल वाजली."

"हो का? वा वा वा," बाबा म्हणाले. त्यांना नाटकात कधीच काम मिळालं नाही, त्याचं कारण मला तेव्हा कळलं. "शैला, अगं, पार्सल आलं म्हणे. कमाल आहे."

पदर सावरल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. फोन थोडा हलला, पंखा आला, पंखा गेला, आणि आई समोर आली.

मी तिला किती दिवसांनी बघत होते. केस जास्त पांढरे झाले होते. नाकात नथ होती, कपाळाला मोठं कुंकू. सणाला तयार व्हावं तशी ती आमच्यासाठी तयार झाली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मुक्ताकडे बघत होती.

"नाक माझंच आहे," मग ती म्हणाली. "पण हिला शोभतंय."

"मी म्हणालो होतो," बाबा बाजूने म्हणाले.

"तुम्ही बिचारी म्हणाला होता."

आई हसली. उजवी बाजू आधी हसली, डावी जरा मागून आली. पण आली.

"कुंची लहान झाली," मी म्हटलं, कारण काहीतरी बोलणं भाग होतं.

"होणारच. इतके दिवस कपाटावर ठेवल्यावर काय होईल?"

हृषी मागे खोकला.

"कपाटावर होती हे..."

"तू लहानपणापासून लपवायचं ते कपाटावरच ठेवतेस," आई म्हणाली. "आणि ह्यांनी त्या डच पानावर काय लिहिलंय ते क्लासच्या एका मुलीकडून फोनवर भाषांतर करून घेतलं. शेजारी फान डाइक यांच्याकडे दिलं. गौरी बसायच्या आधीची तारीख होती." तिने चष्मा सारखा केला. "तुमच्याकडची बेल फार सावकाश वाजते गं."

बाबा छताकडे बघायला लागले. मला हसूही येईना आणि दुसरंही काही येईना. म्हणजे मी रोज बंदरावरचे संप सांगत होते, तेव्हा ती...

"आणि तुझा फुगा चांगला मोठा झालाय, आई," मी म्हटलं.

तिने मागे वळून त्या लाल फुग्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, पहिल्यांदाच नीट, मी लहान असताना ताप बघायची तसं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वांग्यापासून."

"दूध?"

"भरपूर. विचार तिलाच."

मुक्ताने तेवढ्यात खुळखुळा तोंडातून काढला. समोर चमकणारी नथ तिला हवी होती. ती पुढे झुकली, करवंटीसारखी कुंची एका कानावर आली, आणि तिने लाळेने भरलेला खुळखुळा सगळा जोर लावून पडद्यावर, थेट आजीच्या गालावर हाणला. डाव्या.

"मार," पलीकडून आई म्हणाली. "अजून एक मार. इतके दिवस तोंड लपवून बसली होती आजी."